चादरीचं जॅकेट आणि उलटा मोर

या महिन्यात आलेली पत्रं बहुतेक कॉलेजातल्या मुलामुलींची आहेत आणि विषय एकच, कपडे. मी ३१ वर्षं एका कॉलेजच्या ग्रंथालयात देवघेवीच्या खिडकीमागे बसले. तिथून माणूस कमरेच्या वरच दिसतो. त्यामुळे चपला-बुटांबद्दल मला विचारू नका. बाकी विचारा.

अक्का, मी बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. राहायला सोलापूरच्या पूर्व भागात. आई घरी शाळेच्या गणवेशाच्या शर्टांना काज-बटण करते, त्यामुळे घरात कायम आकाशी शर्टांचा ढीग. सगळे एकसारखे. मला त्याचा वीट आलाय. दिवाळीला पप्पांच्या कारखान्यातून एक डागी चादर स्वस्तात मिळाली, मोराची, लाल-पांढरी. गल्लीतल्या टेलरकडून तिचं जॅकेट शिवून घेतलं. शिलाई ४०० रुपये. पहिल्या दिवशी घालून गेलो तर कट्ट्यावरचे म्हणाले, "का बे, उशी घरी विसरलास का?" तीन दिवस तेच. चौथ्या दिवशी एका सीनियरनं विचारलं, कुठं मिळालं. आता वर्गातल्या दोघांनी तसलंच शिवायला टाकलंय. हसले तेव्हा वाईट वाटलं, आणि आता ते पण शिवतायत म्हटल्यावर त्याहून वाईट वाटतंय. मी खरंच वेगळा आहे का नुसतं शायनिंग मारतोय? सगळ्यांनीच घातलं तर मी काय घालू?
– जॅकेटवाला

अरे जॅकेटवाल्या, आधी ते उशीचं. विनोद चांगला आहे, मान्य कर. तुझ्या जागी मी असते तर दुसऱ्या दिवशी काखेत उशी मारूनच गेले असते. मग काय म्हणणार होते, गादी कुठंय?

आता जॅकेट. माझे वडील चादरीच्या कारखान्यात डिझाइनचे ग्राफ काढायचे. मोर विणायचा म्हणजे तो आधी चौकटीच्या कागदावर उतरवायचा, एकेक घर रंगवून. एक घर म्हणजे ताण्याचा, म्हणजे उभा धागा आणि बाण्याचा, म्हणजे आडवा धागा जिथं एकमेकांना ओलांडतात ती जागा. त्या ग्राफवरून पुठ्ठ्याच्या कार्डांना भोकं पाडायची, कार्डं ओळीनं ओवायची आणि मागाच्या डोक्यावर जॅकार्ड नावाच्या यंत्राला चढवायची. भोक असेल तिथला ताणा वर उचलला जातो, नसेल तिथला खाली राहतो, आणि मधून बाण्याचा धागा घेऊन धोटा जातो. बाण्याच्या एका धाग्याला एक कार्ड. १८०४ च्या सुमारास फ्रान्समधल्या लिओं गावच्या जॅकार्डनं हे यंत्र रेशमासाठी केलं. आमच्याकडे त्यावर सुती मोर नाचले. आता हे बहुतेक संगणकावर होतं. वडिलांच्या वेळी मोराच्या मानेचा बाक जमेना म्हणून दोन-दोन दिवस खोडरबर चालायचं. चौकोनांतून बाक काढायचा म्हणजे पायऱ्या-पायऱ्यांनी काढावा लागतो, आणि लांबून बघणाऱ्याला पायऱ्या दिसता कामा नयेत.

हे पुराण लावलं, कारण तुझ्या पत्रात मुख्य गोष्ट राहून गेलीय. मोर आला कुठं? पाठीवर, का अर्धा बाहीत अन् अर्धा काखेत? आणि सुलटा आहे ना? चादर अंथरायची वस्तू. तिची नक्षी आडव्या पसरलेल्या कापडासाठी बेतलेली असते. शिंप्यानं कापड वाचवायला तुकडा फिरवला की मोर डोक्यावर उभा. लोक हसतात ते पुष्कळदा कापडाला नाही, बेतण्याला हसतात. त्यांचं त्यांनाच ते कळत नाही. तू जॅकेट पाठ समोर येईल असं टांगून नीट बघ. मोर कापला गेला असेल तर पुढच्या वेळी टेलरला सांग, आधी मोराची जागा धर, मग बाही काढ. चादरीचा काठ खालच्या घेराला येऊ दे, म्हणजे तिथं दुमडायलाही नको. आणि दुहेरी विणीची चादर असेल तर अस्तर अजिबात लावू नकोस. उलट्या बाजूला तोच मोर रंग बदलून आलेला असतो, लालाचा पांढरा अन् पांढऱ्याचा लाल. शिवणी नीट झाकून घेतल्या तर एका शिलाईत दोन जॅकेटं. या पेठांतून फिरून मी हे बोलतेय, फुकटचा सल्ला समजू नकोस.

वेगळा आहेस का, या प्रश्नाचं उत्तर मला देता येणार नाही. एक विचारते. तिसऱ्या तासाला अंगावर काय घातलंय ते तुझ्या लक्षात असतं का? असेल, तर अजून ते जॅकेट तुझं झालेलं नाही. त्याला वेळ दे, दोन-चार धुण्यांत होईल. चादर धुतल्यावर अंगासरशी बसते. ऊन वाढलं की मात्र ट्रंकेत टाक. एप्रिलमध्ये सोलापुरात चादर पांघरून फिरणाऱ्याला स्टायलिश म्हणत नाहीत, दवाखान्यात नेतात.

वडिलांची एक गंमत सांगते. दिवसभर मोर, फुलं, वेलबुट्ट्या काढणारा माणूस घरी मात्र कोऱ्या पांढऱ्या चादरीवर झोपायचा. नक्षी दिसली की डोळे घरं मोजायला लागतात म्हणायचे. अंगात कायम पांढरा हाफ शर्ट. फक्त पेन्सिलींनी खिसा काळानिळा व्हायचा, म्हणून आईनं मोठ्या खिशाच्या आत एक अरुंद, लांबट कप्पा शिवला, तीन पेन्सिली बसतील एवढाच, आत गडद कापड लावून. महिन्याभरात खात्यातल्या दुसऱ्या ग्राफवाल्याच्या शर्टाला तसाच कप्पा. मग कार्ड पाडणाऱ्याच्या. त्याला तर पेन्सिल लागायचीसुद्धा नाही, तो त्यात कंगवा ठेवायचा! आई चिडली होती. वडील म्हणाले, "अगं, शिलाई मागून घे की."

तुझ्या वर्गातल्या त्या दोघांचं मला म्हणून काही वाटत नाही. सगळ्या कॉलेजनं चादरीची जॅकेटं शिवली तर तुझ्या पप्पांना ओव्हरटाइम मिळेल. यात वाईट काय आहे?

राहता राहिला आकाशी शर्टांचा ढीग. १८७७ साली जुनी मिल उभी राहिली, तेव्हापासून पाहिलं तरी हे गाव दुसऱ्यांना कपडा पुरवतंय. आधी मिलचं कापड, मग चादरी आणि टॉवेल, आता गणवेश. कुठल्या तरी लांबच्या गावातली पोरं तुझ्या आईनं लावलेली बटणं लावून रोज शाळेत जातात. एकसारखे दिसतात ते तुला. आईपुढे दहा शर्ट ठेव, त्यात पाच शेजारच्या बाईंचे मिसळ, आणि तिचे कुठले ते विचार. काज बघून सांगेल. आणि हो, तुझ्या जॅकेटची बटणं कोणी लावली ते तू लिहिलंच नाहीस.

अक्का, मी मंगळवेढा तालुक्यातली. इथं हॉस्टेलवर राहते. रविवारी सकाळी मी एकटीच सिद्धेश्वर मंदिरात जाते, तळ्याकाठी अर्धा तास बसते, येताना शेंगाची चटणी घेते आणि खोलीवर येऊन घरून आलेली कडक भाकरी दह्यात कुस्करून त्या चटणीशी खाते. मोबाईल त्या वेळात बंद. मला ब्रँडची, मॉलची हौस नाही. मी साधी आहे, मला साधंच आवडतं, देखावा जमत नाही. रूममेट म्हणतात, तू बोअर आहेस. खरंच आहे का मी बोअर?
– साधी मुलगी

तळ्यापासून दह्यापर्यंत मी तुझ्यासोबत होते. चटणीचं वाचून तर उठून डबा उघडला. "मी साधी आहे" तिथून पुढं मात्र जांभई आली. खरं सांगते, रागावू नकोस. एकाच ओळीत तीन वेळा साधेपणा सांगितलास की तोही मिरवणंच झालं. तुझ्या रूममेट बोअर होत असतील तर त्या ओळीला होत असतील, भाकरीला नाही.

एक करून बघ. पुढच्या रविवारी चटणी जरा जास्त आण. विकतच्या पुडीतली कोरडी भुकटी नको. उखळात कुटलेली, बोटाला तेल लागेल अशी बघून घे. शेंगदाणा, लाल तिखट, लसूण, जिरं, मीठ, एवढ्यावरच ती होते, पण मिक्सरमध्ये फिरवलेली आणि कुटलेली यांत फरक आहे. तुमच्याकडची मालदांडी ज्वारीची भाकरी असेल तर मग बोलायलाच नको. चौघींसाठी ताटली लाव आणि काही बोलू नकोस. त्यातली एक जरी पुढच्या रविवारी तळ्यावर आली तरी मला कळव. कोणीच आली नाही तर चटणी तुलाच उरली, त्यात काय नुकसान?

अक्का, ऊन फार आहे. कॉलेजला टोपी घातली तर मुलं हसतील का?
– टी.वाय.

हसतील. घाल. मे महिन्यात पारा ४३ च्या वर गेला की तेच विचारतील, कुठून घेतली. मी स्वतः ओला टॉवेल डोक्यावर घेऊन नवी पेठेतून चालत गेलेली बाई आहे. टॉवेलही आपल्याच गावचा होता.

अक्का, आमच्या घरी गड्ड्याला, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेला, सगळे पुरुष बाराबंदी घालतात, तो बंदांचा पांढरा अंगरखा. यंदा मी पण घातली, पहिल्यांदा. हजारो लोक पांढऱ्या कपड्यांत, आणि मला इतकं मोकळं वाटलं की सांगता येत नाही. कॉलेजात काहीही घालायला मोकळीक आहे, तिथं मात्र रोज सकाळी कपाटापुढं वीस मिनिटं उभा असतो आणि कशातच मी मी वाटत नाही. असं उलटं का?
– यात्रेकरू

उलटं नाही रे. त्या दिवशी तुला कोणी बघत नव्हतं, एवढंच. सगळे नंदीध्वज बघत होते. सात-सात उंच काठ्या डोलत येत असताना तुझ्या धोतराची निरी बरोबर आहे का ते कोण बघणार? कपाटापुढं मात्र तू एकटा आणि समोर आरसा. वीस मिनिटांची पाच कर. रात्रीच कपडे काढून खुर्चीवर ठेवत जा. माझ्या खिडकीत पुस्तक बदलायला येणाऱ्यांपैकी जे कायम त्याच दोन शर्टांत असायचे, त्यांची तोंडं मला आजही आठवतात. ज्यांचे रोज नवे असायचे त्यांचे शर्ट आठवतात.

तुझ्या पत्रानं मला मात्र दुसरंच आठवलं. मी सहाएक वर्षांची असेन. वडिलांबरोबर गड्ड्याला होम मैदानावर गेले होते. त्यांच्याही अंगात बाराबंदी, आणि आईनं तिच्याही आतल्या बाजूला पेन्सिलींचा कप्पा शिवला होता, कशासाठी ते सिद्धेश्वरालाच ठाऊक. गर्दीत माझा हात सुटला. मी घाबरून समोरचं धोतर घट्ट धरलं आणि बरंच अंतर चालत गेले. वर बघितलं तर मिशा वेगळ्या. त्या गृहस्थांनी कानडीत विचारलं, "नी यार मगळु?" कुणाची गं तू? मला त्यांचं बोलणं कळलं, पण उत्तर देता येईना. त्यांनी मला उचलून खांद्यावर बसवलं आणि म्हणाले, शोध.

वरून बघितलं तर सगळे बाप. जिकडं तिकडं पांढरं. कुठला आपला? मी रडायच्या बेतात होते. सगळ्यांच्या माना वर होत्या, नंदीध्वजांकडं. एकच माणूस खाली बघत, लोकांच्या पायांतून वाकून वाकून चालला होता.

मी हाक मारायच्या आधीच त्या गृहस्थांनी त्यांच्याकडं बोट केलं.

पुढच्या अंकासाठी पत्रं महिन्याच्या दहा तारखेच्या आत पाठवा. जॅकेटवाल्यानं फोटो पाठवावा, पाठीकडून काढलेला. मोर सुलटा आहे का, मला बघायचंय.

– अक्का