पळायला पाच दिवस, पाण्याच्या टेबलावर एक: धुळ्याच्या ताईंना उत्तर

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. होळीआधी आठवडाभर सुट्टी, माहेर धुळ्याला, पुण्यात रोडवर दहा किलोमीटर आरामात पळता, एक हाफ मॅरेथॉन झालीये. आता रोज डोंगरात पळायचंय आणि शेवटच्या रविवारी आपल्याकडच्या ट्रेल रेसला, म्हणजे डोंगरातल्या पायवाटांवरच्या शर्यतीला, व्हॉलंटियर म्हणून उभं राहायचंय. दोन्ही जमेल का, रोज किती पळू, आणि व्हॉलंटियरला नेमकं काम काय असतं, असं विचारलंय तुम्ही. जमेल. पण तुम्ही जो प्लॅन टाकलाय, सोमवारी पाटणादेवी, मंगळवारी मनुदेवी, बुधवारी पाल, गुरुवारी तोरणमाळ, तो नकाशा बघून केलेला आहे, एसटीत बसून केलेला नाही. तुमचा निम्मा आठवडा स्टँडवर जाईल. पाटणादेवी चाळीसगावच्या खाली, तोरणमाळ शहाद्याच्या वर, दोघांच्या मध्ये अख्खा खान्देश पडलाय. दोन जागा धरा, लळिंग आणि तोरणमाळ, बाकीच्या पुढच्या सुट्टीला.

आणि ते वसंत ऋतू वगैरे जे लिहिलंय ना, ते पुण्यात ठीक आहे. आपल्याकडे थंडी गेली की डायरेक्ट ऊनच, मधे कोणी येत नाही. पळस मात्र पेटलेला असतो, ते बघाच, पानं नाहीत, नुसती केशरी फुलं. तर सगळं गणित उन्हाचं आहे, किलोमीटरचं नाही. मार्चमध्ये सकाळी सव्वासहाला उजाडायला लागतं आणि नऊनंतर खडक तापायला सुरुवात होते, म्हणजे तुमच्या हातात पावणेतीन तास, त्यात जेवढं होईल तेवढं. पुण्याहून आलेल्या अंगाला इथल्या उन्हाची सवय व्हायला दहा ते चौदा दिवस लागतात, तुमच्याकडे सहा आहेत, म्हणून पहिले दोन दिवस मुद्दाम कमी पळायचं. घड्याळात पेस, म्हणजे पळण्याचा वेग, बघायचाच नाही, बोलता येतंय का तेवढं बघायचं.

सोमवारी संध्याकाळी घराजवळच अर्धा तास, बस. मंगळवारी लळिंग. धुळ्यापासून दहाएक किलोमीटर, मुंबई-आग्रा हायवेला लागूनच, तुम्हाला माहितीच असेल, लहानपणी शाळेची सहल गेलीच असेल. गावातून किल्ल्यावर पाऊण तासाची चढण. चढ पळायचा नाही, चालायचा, गुडघ्यावर हात टेकून चालायचा, लाज वाटू द्यायची नाही, चांगले चांगले ट्रेलवाले चढ चालतातच. खरी परीक्षा उतारात आहे. आपल्याकडचा मुरूम कोरडा झाला की पायाखाली ज्वारी सांडल्यासारखा होतो, टाच टाकली की गेलाच पाय पुढे. लहान लहान पावलं, गुडघे किंचित वाकलेले, हात मोकळे पसरलेले, नजर पायाशी नाही, चार-पाच पावलं पुढे. आणि मागे झुकायचं नाही, भीतीने माणूस मागे झुकतो आणि तिथेच बसतो, मी दोनदा बसलोय, कुठे लागलं ते सांगत नाही.

उताराने मांड्या दुखतात त्या लगेच नाही, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी. म्हणून लळिंग मंगळवारी सांगतोय, शनिवारी नाही. शनिवारी उतार मारला तर रविवारी पाण्याचे जार उचलायला खाली वाकताच येणार नाही तुम्हाला.

कुसळाचं कोणी सांगत नाही म्हणून सांगतो. लळिंगच्या कुरणात या दिवसांत गवत वाळून पिवळं झालेलं असतं आणि त्याची कुसळं सॉक्समध्ये घुसतात, नुसती चिकटत नाहीत, फिरत फिरत आत जातात, दोन किलोमीटरमध्ये घोट्याला शंभर सुया. ते जाळीचे महागडे शूज असतात त्यांच्यातून तर सरळ आरपार. माझा उपाय फुकटचा आहे, जुन्या जाड सॉक्सचा पंजा कापून टाकायचा आणि वरची नळी बुटाच्या तोंडावरून खाली ओढायची, वरच्या लेसखाली अडकवायची. दिसतं वाईट. घरी आल्यावर चिमटा घेऊन ओट्यावर बसायची वेळ येत नाही.

बुधवारी तोरणमाळ. शहाद्याहून घाट चढून वर गेलात की साधारण ११५० मीटर उंची, सकाळी चक्क स्वेटर लागतो, धुळ्यात लोक कूलर काढत असतात तेव्हा. गुरुवारची सकाळ तुमच्या आठवड्याचा मोठा रन, चौदा-पंधरा किलोमीटर, वेळेत म्हणाल तर अडीच तास, यशवंत तलावाच्या कडेने, सीताखाईच्या बाजूला, मग जंगलातल्या पायवाटा. सागाची पानगळ झालेली असते, मोठमोठी पानं वाटेवर पसरलेली, पापड मोडल्यासारखा आवाज येतो, मजा येते, पण त्या पानांखाली दगड असतो हे पाय मुरगळल्यावर कळतं. पानं दिसली की चालायचं.

एकट्या जाऊ नका. हे बाई म्हणून नाही म्हणत, मी पण एकटा जात नाही. मोहाची फुलं गळायला लागली की पहाटे अस्वल मोहाखाली येतं, आणि त्याच वेळी गावातल्या बायका-पोरं टोपल्या घेऊन फुलं वेचायला येतात, त्यांना कुठून जायचं, कुठून नाही ते बरोबर माहीत असतं. आदल्या दिवशी गावात विचारा, कोणीतरी पोरगा सोबत येतो, त्याला पैसे द्या, नुसतं थँक्यू नाही. कानात इअरफोन अजिबात नको. जंगल खात्याच्या हद्दीत शिरायचं असेल तर आधी विचारून, आणि या दिवसांत वणव्याची भीती असते, मोहाखालचा पाला लोक जाळतात फुलं दिसावीत म्हणून, कधी कधी ते पसरतं. धूर दिसला तर हिरोगिरी नको, मागे फिरा आणि सांगा.

अजून एक, होळीच्या आधीचा आठवडा म्हणजे भोंगऱ्याचे बाजार. पावरा, बारेला लोकांचे, ढोल, बासरी, नवे कपडे, गावंच्या गावं उतरतात. त्या दिवशी जीपमध्ये जागा मिळायची नाही, मिळाली तर टपावर. धडगाव-शहादा बाजूचे बाजार कुठल्या वारी आहेत ते विचारून घ्या आणि एखादा गाठा, रन बुडाला तरी चालेल.

पळताना गमती होतात. मागच्या वर्षी लळिंगला एक म्हातारा शेळ्या घेऊन बसला होता, मी घामाघूम होऊन आलो, तो म्हणे, "कोन लागेल शे रे भो तुन्हा मांगे, इतला पयी राह्यना?" मी म्हटलं कोणी नाही बाबा, असंच. त्याने शेळ्यांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि बिडी पेटवली.

शुक्रवारी तलावाभोवती चालायचं आणि खाली उतरायचं. पळणं संपलं तुमचं, पाच दिवसांत एवढं झालं, पुष्कळ झालं.

आता व्हॉलंटियरचं. लोकांना वाटतं टाळ्या वाजवायच्या, केळं द्यायचं, फोटो काढायचे. माझं हे सातवं वर्ष, आणि स्वतः रेस पळालो त्या वर्षी कमी दमलो होतो. शनिवारी रूट मार्किंग, म्हणजे पाठीवर रिबिनी आणि फक्कीची, म्हणजे रेघा मारायच्या पांढऱ्या पुडीची, पिशवी घेऊन दहा किलोमीटर चालणं. रिबीन नेहमी एकाच बाजूला, आमच्याकडे उजव्या, डोळ्याच्या उंचीवर. वळणाच्या आधी एक, वळल्यावर वीस पावलांवर दुसरी, म्हणजे पळणाऱ्याला धीर येतो की बरोबर चाललोय. चुकीच्या फाट्यावर फक्कीची आडवी रेघ. कागदी रिबीन घेऊ नका, शेळ्या खातात, खरंच खातात, एका वर्षी अर्धा किलोमीटर रूट खाऊन टाकला होता.

रविवारी तुम्हाला बहुतेक पाण्याचं टेबल देतील. आता माझी चूक ऐका. तीन वर्षांपूर्वी चौदाव्या किलोमीटरचं टेबल माझ्याकडे होतं, १८० पळणारे, २० लिटरचे १२ जार, म्हणजे २४० लिटर, माणशी लिटरभराच्या वर, मी निवांत. पुढचे पळणारे आले, जोशात, अर्धा ग्लास प्यायचे आणि अर्धा डोक्यावर, एकाने तर जारच उचलून अंगावर घेतला आणि आम्ही टाळ्या वाजवल्या! साडेनऊला बघतो तर दोन जार उरलेले आणि सत्तर माणसं मागे, उन्हात. पुढच्यांना पाणी सात-आठ वाजता लागतं, मागच्यांना दहाला, आणि दहाचं पाणी वेगळं असतं, तिथे प्रत्येक जण तीन-तीन ग्लास पितो. बाजूच्या शेतकऱ्याने विहिरीवरून ट्रॅक्टरने टाकी आणून दिली म्हणून वाचलो. तेव्हापासून मी जार दोन रांगांत ठेवतो, मागची रांग नऊच्या आधी उघडायचीच नाही, आणि डोक्यावर ओतायला वेगळी बादली, साध्या पाण्याची, त्यातून मगाने काढून ओतायचं.

ओआरएसचं पाकीट नीट वाचा. मोठं पाकीट एका लिटरला असतं, छोटं २०० मिलीला. उत्साही पोरं मोठं पाकीट एका ग्लासात ढवळतात, ते पिऊन माणूस उलटी करतो. आणि उलट बाजूने, कोणी नुसतंच साधं पाणी ढोसतोय, बोटं सुजलीत, डोकं दुखतंय, मळमळतंय म्हणतोय, तर त्याला अजून पाणी देऊ नका, रक्तातलं मीठ पातळ झालेलं असू शकतं. बसवा, डॉक्टरला फोन लावा. खायला उकडलेला बटाटा आणि मीठ, चिक्की, आपली जळगावची केळी, सालासकट अर्धी कापून. सालं लगेच गोणीत, नाहीतर माकडं टेबलावर.

सगळ्यात महत्त्वाचं, बोलायचं प्रत्येकाशी. "शाब्बास" नाही, प्रश्न विचारायचा. त्याच टेबलावर एक चाळिशीचा गडी आला, घामाने चिंब, हसत होता, मी विचारलं कुठून आलात, बरोबर सांगितलं. म्हटलं आता कुठे चाललात, तर म्हणतो "स्टँडवर". मला आधी वाटलं जोक मारतोय. परत विचारलं, परत स्टँड, आणि बाटलीचं झाकण उलटं लावायचा प्रयत्न करत होता, लागत नव्हतं, तरी करतच होता. घाम येतोय म्हणजे ऊन लागलेलं नाही हा समज डोक्यातून काढा, पळताना लागलेल्या उन्हात घाम चालू असू शकतो, डोकं फिरणं ही खूण. सावलीत आडवं केलं, बूट काढले, जुनी चादर बर्फाच्या पाण्यात बुडवून अंगावर, बर्फ मानेला, काखेत, जांघेत, चादर गरम झाली की परत बुडवायची. आधी गार करायचं, मग गाडीत घालायचं, या क्रमाने. नीट शुद्धीवर नसलेल्याच्या तोंडात पाणी घालायचं नाही. डॉक्टर मोटरसायकलवर पंचवीस मिनिटांनी पोचला तोपर्यंत तो गडी त्याच्या बायकोचा नंबर सांगत होता, बरोबर नंबर.

आणि बिब नंबर, म्हणजे पळणाऱ्याच्या छातीवरचे नंबर, लिहायचे, वेळेसकट, कागदावर, पेनाने, कारण रेंज नसते. कंटाळवाणं काम आहे म्हणून कोणी घेत नाही. पण आधीच्या टेबलावरून १६३ गेले आणि तुमच्याकडे १६२ आले तर तो एक कोण हे त्या कागदावरूनच कळतं. आमचा एक देवळामागे लिंबाखाली झोपलेला सापडला, घोरत. तोपर्यंत चाळीस मिनिटं आमच्या पोटात गोळा.

तुम्ही संयोजकांना सांगून शेवटचं टेबल मागून घ्या, सुरुवातीचं नको. सुरुवातीच्या टेबलावर आठ वाजता काम संपतं आणि फोटो चांगले येतात, एवढंच. शेवटच्या टेबलावर साडेअकरापर्यंत माणसं येतात, स्वीपर, म्हणजे सगळ्यांच्या शेवटी येणारा आपला माणूस, रिबिनी सोडवत सोडवत त्यांच्या मागे, आणि त्यातली निम्मी पहिल्यांदा पळणारी असतात.

येताना मोठ्या काठाची टोपी, स्वतःचा स्टीलचा मग, दोन पेनं, आणि एक जुनी चादर, ती जाईल असं समजूनच आणा. शनिवारी नऊला झोपा, भरीत-भाकरी खा पण शेवभाजी रविवार दुपारवर ठेवा, तर्रीवाली खाऊन उन्हात उभं राहवत नाही. पहाटे साडेतीनला बर्फाची लादी उतरवायला दोन माणसं कमी पडतात दरवर्षी, तुमच्या भावाला पण उठवून आणा.