क्लास मुलीचा, पण गायचंय तुम्हाला

न्यू जर्सीहून एका ताईंचं पत्र आलंय. ऑफिस, अकरा वर्षांची मुलगी, इकडे कोथरूडला सासूबाईंचं आजारपण, आणि रात्री साडेनऊला दमून बसावं तर इकडे सकाळचे आठ वाजलेले असतात, म्हणजे फोन सुरू. त्यामुळे त्या रोज संध्याकाळी घराच्या दारात गाडी उभी करून दहा मिनिटं तशाच आत बसून जुनी भावगीतं ऐकतात आणि मग मनाला लागतं की हा पळपुटेपणा तर नाही ना? शेवटी जाता जाता लिहिलंय, मुलीला झूमवर गाण्याचा क्लास लावलाय पण ती कंटाळते, काय करू?

ताई, मला तो जाता जाता लिहिलेला प्रश्नच खरा वाटला. पोरीला नाही, गाणं तुम्हाला शिकायचंय. परदेशातल्या कितीतरी घरांत हे बघते मी, संस्कार म्हणून मुलांना पेटीसमोर बसवायचं आणि आई दाराआडून स्वतःच गुणगुणत असते.

माझंच सांगते. गाण्याची मध्यमा परीक्षा झाली, लग्न झालं, बँकेतली नोकरी लागली आणि तानपुरा गवसणीत घालून कपाटावर गेला तो एकोणीस वर्षं तिथेच. आई गेली त्या वर्षी खाली काढला, दोन तारा तुटलेल्या, गवसणीला डांबरगोळ्यांचा वास. दुरुस्तीवाल्या काकांनी नव्या तारा चढवल्या, जवारी काढली, म्हणजे तारा टेकतात ती घोडी घासून नीट केली, आणि मग तिच्यावर तारेखाली सुताचा एक धागा सरकवला. धागा जागेवर नव्हता तोवर तार नुसती ठण्ण वाजत होती, त्यांनी बोटाने केसभर पुढे ओढला आणि आवाज असा उघडला की दुकानातली दोन माणसं बोलायची थांबली. परत येताना रिक्षावाल्याने तानपुऱ्याचे वेगळे पैसे मागितले आणि मी न भांडता दिले, आता मी पुण्याची आहे, ह्यावरून काय ते ओळखा.

तर पळपुटेपणाचं म्हणाल तर, गाडीतून उतरून फोन तुम्हीच घेता ना? मग झालं की. फक्त त्या दहा मिनिटांत ऐकण्याबरोबर थोडं गाऊन बघा. मोबाईलवर तानपुऱ्याचं ॲप घ्या, पट्टी, म्हणजे आपला सा, काळी चार किंवा पाच लावून बघा, बायकांना साधारण तिथे बरं पडतं, आणि नुसता सा लावा. खालचा, जेवढा श्वास तेवढा. राग नको, ताना नकोत, रेकॉर्डिंग तर मुळीच नको. सा लांबवला की श्वास आपोआप हळू सुटतो, आणि श्वास सोडताना हृदयाचे ठोकेही जरा मंदावतात, त्यामुळे बरं वाटतं ते काही मनाचे खेळ नाहीत. आठवडाभराने वाटलं तर यमनची सरगम घ्या, त्यातल्या तीव्र मध्यमावर, म्हणजे चढ्या म वर, थोडं रेंगाळा, संध्याकाळचाच राग आहे तो.

पुढे क्लास लावलात तर एक लक्षात ठेवा. झूमला तानपुरा म्हणजे पंख्याची घरघर वाटते आणि ते चक्क तो आवाज गाळून टाकतं, म्हणून सेटिंगमध्ये जाऊन ओरिजिनल साउंड चालू करा. शिवाय आवाज थोडा उशिरा पोचतो, बाईंबरोबर एकत्र गायला जाल तर दोघींचा ताल सुटेल, त्यांनी म्हणायचं मग तुम्ही म्हणायचं असंच शिका. पेटी नेणार असाल तर हीटरपासून लांब ठेवा, कोरड्या हवेत लाकूड आकसतं.

गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांच्या भानगडीत एवढ्यात पडू नका, ऑफिसमध्ये डेडलाइन आहेत तेवढ्या पुरेत. मुलीचा क्लास सहा महिने बंद ठेवा, ओरडू नका, आई रोज गाते हे तिच्या कानावर पडू दे. नंतर आली तर आली, ड्रम हवा म्हणाली तर शेजाऱ्यांशी आधी बोलून ठेवा.

आणि हो, झोपच येत नाही, आवडतं गाणंसुद्धा नकोसं होतंय असं दोन-तीन आठवडे चाललं तर मात्र सा वगैरे राहू दे, सरळ डॉक्टरांकडे जा.

डिसेंबरात सासूबाईंना भेटायला याल तेव्हा लक्ष्मी रोडच्या खरेदीतला एक दिवस कापा आणि मुकुंदनगरला सवाईला या. भीमसेन जोशींनी गुरू सवाई गंधर्वांच्या आठवणीत 1953 साली सुरू केलेला महोत्सव आहे, पूर्वी रात्रभर चालायचा, आता रात्री दहानंतर लाउडस्पीकर बंदच्या नियमामुळे बहुतेक दिवशी लवकर आटपतो. भारतीय बैठकीचं तिकीट काढा, पाठीला उशी आणा, स्वेटर आणा, आणि कृपा करून आमच्याकडे बर्फ पडतो वगैरे सांगू नका, रात्री नऊनंतर त्या मंडपात तुम्हालाही थंडी वाजतेच.