पंपाचं उद्घाटन

प्रश्न : स्टार्ट, बिगिन आणि कमेन्स. माझ्या शब्दकोशात तिन्हींपुढे ‘सुरू करणे’ एवढंच आहे. ऑफिसच्या ईमेलमध्ये मी ‘कमेन्स’ लिहिते, जरा भारदस्त वाटतं म्हणून. साहेब दर वेळी खोडून ‘स्टार्ट’ करतात. चूक कुणाची?

उत्तर : बाई, साहेबांची नाही. मीही याच खड्ड्यात पडलो होतो. भाषांतराच्या कामाला नवा होतो, तेव्हा पाण्याच्या पंपाची माहितीपुस्तिका इंग्रजीत करायला मिळाली. मी ऐटीत लिहिलं, ‘कमेन्स द पंप’. ते वाचून तिथल्या इंजिनियरने विचारलं, “उद्घाटनाला कोण येणार आहे?”

आपण ‘नळाला पाणी आलं’ म्हणतो, ‘जल आलं’ म्हणत नाही. अर्थ एकच, पण जल पूजेत शोभतं. कमेन्सचं तसंच आहे. १०६६मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं आणि पुढची काही शतकं दरबार-कचेरीत फ्रेंचचा दबदबा राहिला. कमेन्स त्या फ्रेंचमधून आला. बिगिन मूळचा घरचा. म्हणून करार, खटला, समारंभ असेल तिथे कमेन्स चालतो. चहाच्या टेबलावर तो बोलणाऱ्याचं हसं करतो.

स्टार्टही घरचाच, पण त्याचा जुना अर्थ ‘दचकून उडी मारणे’. स्टार्टल हा त्याचाच नातलग. मला वाटतं, तो झटका त्याच्या अंगात अजून आहे. इंजिन, प्रवासाला निघणं, धंदा काढणं, अफवा उठवणं, इथे स्टार्टच हवा; गाडी कुणी ‘बिगिन’ करत नाही. पाऊस मात्र स्टार्टही होतो, बिगिनही होतो. तिथे उगाच फरक शोधत बसू नका, मी बरीच वर्षं शोधला. (बिगिन घेतलात तर बिगॅन-बिगन सांभाळा, तिथे भलेभले घसरतात.)

शब्दकोश बदला. नुसता अर्थ देणारा नको, प्रत्येक शब्दाखाली दोन-तीन वाक्यं देणारा घ्या. शब्द कुणाच्या शेजारी बसतो ते त्यातूनच कळतं. थिसॉरसमधून, म्हणजे समानार्थी शब्दांच्या कोशातून, मात्र अनोळखी शब्द उचलू नका. रॉजे या डॉक्टरने १८५२ साली तो छापला, तो ओठावर येऊन अडलेला शब्द आठवावा म्हणून.

आता तुमचा ईमेल. कराराची मुदत अमुक तारखेपासून धरायची असेल, तर कमेन्स ठेवा आणि साहेबांशी खुशाल भांडा. मीटिंग मात्र स्टार्टच होऊ द्या.