फवारणीआधी पाय मोजा

या पंधरवड्यात आलेल्या प्रश्नांपैकी तिघांची अडचण मुळात एकच आहे: कीड म्हणजे कीटकच असं धरून कीटकनाशक मारायचं. म्हणून उत्तरं एकत्र देतो.

फोंडा तालुक्यातले एक बागायतदार विचारतात: "कुळागरात (पोफळी-नारळाच्या बागेत) पोफळीच्या रोपांवर मोठ्या शंखाच्या गोगलगायी पडल्या आहेत. इमिडाक्लोप्रिड हे कीटकनाशक दोनदा मारलं, ढिम्म फरक नाही. मात्रा वाढवू का?"

अजिबात नको. गोगलगाय कीड असली तरी कीटक नव्हे. तिसऱ्या, शिणाणी, माणक्या, जुन्या गोव्याच्या खिडक्यांना बसवलेली मेंदीची शिंपली, या सगळ्यांच्या गोतावळ्यातली ती आहे, म्हणजे मृदुकाय. अंग मऊ, पायांच्या नावाने पोटाखाली एकच मांसल तळवा, आणि वर सतत बुळबुळीत चिकटा. कीटकनाशकं बनवलेली असतात ती कीटकाच्या मज्जासंस्थेवर नेम धरून. गोगलगायीवर त्यांचा धड परिणाम होत नाही. उलट तुम्ही दोनदा फवारलंत तेव्हा गोगलगायी खाणाऱ्या काजव्यांच्या अळ्या बहुधा मेल्या असतील. जूनमध्ये कुळागरात चमचम कमी दिसली तर हेही एक कारण धरा.

तुमच्या फोटोतली आफ्रिकन गोगलगाय आहे. मूळची पूर्व आफ्रिकेतली. 1847 मध्ये कोलकात्याला आणली गेली आणि तिथून पसरली. तिच्या तोंडात हजारो बारीक दातांची, कानशीसारखी पट्टी असते. म्हणून पानं कुरतडल्यासारखी नव्हे, खरवडल्यासारखी दिसतात. प्रत्येक गोगलगाय नरही आणि मादीही, त्यामुळे जोडीतल्या दोघीही अंडी घालू शकतात: एका वेळी शंभर-दोनशे, पिवळट पांढरी, मोठ्या साबुदाण्याएवढी, ओल्या मातीत. शंख वाढवायला चुना लागतो, म्हणून ती घराची भिंतसुद्धा चाटते. उन्हाळ्यात शंखाचं तोंड पापुद्र्याने बंद करून गडग्याच्या (दगडी कुंपणाच्या) फटीत, पातेऱ्याखाली (गळलेल्या पानांखाली) महिनोन् महिने पडून राहते. तेव्हा खरी मोहीम मे महिन्यातच हवी: पातेरा उचला, गडगे तपासा. आणि पहिल्या पावसानंतर संध्याकाळी बॅटरी घेऊन अख्ख्या वाड्याने (वस्तीने) एकत्र वेचायला उतरा. एकट्याने वेचलं तर शेजारच्या बागेतून चार दिवसांत परत येतात.

ओली गोणपाटं आणि पपईची पानं संध्याकाळी पसरून ठेवा, पहाटे त्याखाली जमलेल्या गोळा करून मिठाच्या पाण्याच्या बादलीत टाका आणि मग खोल पुरा. बागेतच ठेचू नका, पोटातली अंडी मातीत जातात. मीठ वाफ्यावर टाकू नका. गोगलगायीआधी जमीन मरेल. चुन्याचा पट्टा कोरड्या दिवसांपुरताच, पावसात तो वाहून जातो. फारच झाल्या असतील तर मेटाल्डिहाइडच्या गोळ्या, लेबलवरच्या मात्रेत, कोरड्या संध्याकाळी. हे औषध तिच्या अंगातला चिकटा ओतून तिला सुकवतं, म्हणून पाऊस आला की ती सावरते. कुत्रे आणि गुरं मात्र या गोळ्या खाऊन दगावतात, तेव्हा त्यांना बांधून ठेवा. आणि हातमोजे घालाच. उंदरापासून तिच्यात येणारा एक कृमी माणसाच्या मेंदूपर्यंत जाऊ शकतो. तिथली भाजीही स्वच्छ धुऊन, शिजवूनच खा.

पेडण्याहून प्रश्न आहे: "नारळाच्या देठाजवळ तपकिरी भेगा पडतात, फळ लहान राहतं. भुंग्याचंच औषध चालेल का?"

भुंगा कीटक, त्याला सहा पाय. तुमच्या नारळावर आहे तो इरिओफाइड कोळी (माइट). कोळ्यांना आठ पाय असतात, याला मात्र चारच, आणि लांबी मिलिमीटरच्या पाव भागाहून जास्त नाही. तो फळाच्या टोपीखाली दडून कोवळी साल शोषतो, त्यामुळे आधी टोपीखाली फिकट त्रिकोणी डाग दिसतो, भेगा नंतर. इमिडाक्लोप्रिड कोळ्यावर चालत नाही. काही पिकांत त्यानंतर कोळी वाढतातच. एक लिटर पाण्यात 20 मिली कडुलिंबाचं तेल, 20 ग्रॅम वाटून गाळलेला लसूण आणि 5 ग्रॅम साबण एकजीव करा, आणि पाडेलीला (नारळ पाडणाऱ्याला) सांगून कोवळ्या पेंडींवर (घडांवर) टोपीच्या कडेला नीट भिजेल असं मारून घ्या. भेगा पडलेलं फळ भरून येणार नाही, पुढची पेंड वाचेल.

दिवाडीच्या खाजनातून (खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतातून): "कुर्ल्या (खेकडे) रोपं तोडतात, बांधाला भोकं पाडतात. बिळात औषध ओतू का?"

हे तर मुळीच करू नका. कुर्ली दहा पायांची, पण कीटकांचीच भाऊबंद: सांध्यांचे पाय, अंगावर कवच, ते टाकूनच वाढ. म्हणजे कीटकनाशक तिला लागतं खरं, आणि नेमकं म्हणूनच तेच पाणी मानशीतून (बांधाच्या झडपेतून) बाहेर पडलं की सुंगटंही (कोळंबीही) मरतात. मग मासेमारीसाठी मानस घेणारा तुमच्या दारात उभा राहील, आणि त्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही. शेतात मडकी मातीच्या पातळीला पुरून आत भाताचा कोंडा ठेवा, रात्री पडतील त्या कुर्ल्या सकाळी काढा. लावणीला 25 दिवसांपुढचं रोप घ्या, एका चुडात दोन-तीन काड्या जास्त लावा. बांधाची भोकं ओहोटीच्या वेळी चिकणमाती आणि पेंढा ठोकून बुजवा.

पुढच्या वेळी फोटो पाठवताना एक पोटाकडून काढा, पाय मोजता येतील असा, आणि शेजारी रुपयाचं नाणं ठेवा.