पट्ट्यांवरून साप ओळखू नकोस

प्रिय मित्रा,

फोटो पाठवून तू विचारलंस, ‘पट्टे आहेत, म्हणजे मण्यारच ना?’ तेवढ्यावरून ठरत नाही रे. बिनविषारी कवड्यालाही तसेच पट्टे असतात आणि रात्री घरात दोघेही शिरतात. कवड्याचे पट्टे मानेपासून सुरू होऊन शेपटीकडे पुसट होतात; मण्यारीचे बारीक, बहुधा जोडीजोडीने असलेले पट्टे मानेच्या बरेच मागे सुरू होतात आणि शेपटीकडे ठसठशीत राहतात. हे लक्षात ठेव, पण यावरच विसंबू नकोस. एकही पट्टा नसलेली मण्यारसुद्धा सापडते.

खरी ओळख खवल्यांत. ती शिकायला साप धरावा लागत नाही. मेलेल्या सापालाही हात लावू नकोस, त्याचं डोकं काही वेळ चावू शकतं. त्यापेक्षा कात शोध. माळ्यावर, दगडांच्या गडग्यात मिळते. पाण्यात भिजवून मऊ कर, काळ्या कागदावर पसर आणि भिंग घेऊन बस. कातीवर रंग जवळजवळ नसतो, म्हणून नवख्याच्या हातात मी आधी कातच देतो. पाठीच्या मधोमध षट्कोनी, शेजारच्यांपेक्षा मोठ्या खवल्यांची ओळ दिसली, तर मण्यारीचा संशय घे. मग अंगाच्या मध्यावर, पोटाचे रुंद खवले सोडून, खवल्यांच्या रांगा मोज: मण्यारीत 15, कवड्यात 17. शेपटीखालचे खवले मण्यारीत अखंड, कवड्यात दुभागलेले. डोकं शाबूत असेल तर नाकपुडी आणि डोळा यांच्यामधली जागा नीट बघ. डोळ्याला लागून असलेल्या खवल्याच्या पुढे कवड्यात एक छोटा जादा खवला असतो, मण्यारीत तो नसतो. कातीची लांबी मात्र धरू नकोस, ती ताणलेली असते.

सगळं जुळलं, तरच वहीत ‘बंगारस सेरूलियस’ हे मण्यारीचं शास्त्रीय नाव लिही. एखादं लक्षण अडलं तर नाव कोरं ठेव आणि जे दिसलं ते लिही.

कुणाला दंश झाला असेल, तर यातलं काहीही करत बसू नकोस. मण्यारीचा दंश पुष्कळदा दुखत नाही, सूजही येत नाही, त्यामुळे माणसं झोपून राहतात. सरळ दवाखाना गाठायचा. आपल्याकडची प्रतिविषाची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर एकच असते. साप मारून न्यायची गरज नसते.

कात सुकली की पाकिटात घाल. वर तारीख, गाव आणि कात जमिनीपासून किती उंचीवर मिळाली ते लिही. कवड्या भिंत सहज चढतो, म्हणून उंचीची नोंदही हवी. पावसाळ्याआधी एकदा ये, जमलेल्या काती घेऊन. रांगा आपण बरोबरच मोजू.