‘मराठी’ शब्दाची लांबी किती?

प्रश्न : फॉर्ममधल्या नावाला 20 अक्षरांची मर्यादा घालायची आहे. पण ‘मराठी’ या शब्दाची लांबी प्रोग्रॅमिंगच्या भाषांपैकी पायथन 5 सांगते, गो 15 आणि स्विफ्ट 3. बरोबर कोण?

उत्तर : तिघेही. गो यूटीएफ-8 (मजकूर बाइटांत साठवण्याची पद्धत) मधले बाइट मोजते. देवनागरीचे प्रत्येक चिन्ह 3 बाइटांचे, म्हणून 15. पायथन युनिकोडची (जगभरच्या लिप्यांतल्या चिन्हांना क्रमांक देणाऱ्या प्रमाणाची) चिन्हे मोजते : म, र, काना, ठ, वेलांटी. स्विफ्ट मात्र आपण वाचतो तशी म, रा, ठी अशी अक्षरे धरते.

स्विफ्टचे उत्तर आपल्याला सोयीचे, पण त्याची किंमत आहे. पाचशेवे अक्षर हवे तर आधीची सगळी मोजत जावे लागते. पायथन पाचशेव्या चिन्हावर थेट उडी मारते, कारण स्ट्रिंगमधल्या (साठवलेल्या मजकुरातल्या) सगळ्या चिन्हांना ती सारखीच जागा देते : देवनागरीला 2 बाइट, आणि एक जरी इमोजी आला तरी सबंध स्ट्रिंगला 4. गोला यातले काहीच सोसावे लागत नाही. पण बाइटांतून अक्षरे ओळखण्याची जबाबदारी तुमच्यावर येते.

चूक होते ती कापताना. ‘मराठी’चे पहिले 4 बाइट घेतले तर गो ‘र’चा तुकडा पाडते आणि पडद्यावर चौकोनातले प्रश्नचिन्ह उमटते. रस्ट ही भाषा तिथे प्रोग्रॅमच थांबवते, आणि आमच्या मते तेच योग्य. पायथनमध्ये पहिली 2 चिन्हे घ्या, ‘मर’ उरते! कुठलीही सूचना येत नाही, म्हणून हा दोष सर्वांत घातक.

तुमची मर्यादा अक्षरांवरच लावा. पायथनसोबत येणाऱ्या ‘आरई’मध्ये (मजकुरात नमुने शोधणाऱ्या साधनात) अक्षरे मोजण्याची सोय नाही, ‘रेजेक्स’ पॅकेज वेगळे बसवावे लागते, जावास्क्रिप्टमध्ये त्यासाठी ‘इंटल.सेगमेंटर’ आहे. चाचणीत ‘क्ष’ घालून पाहाच. 2023 च्या युनिकोड 15.1 पासून ते एक अक्षर धरतात, जुन्या आवृत्त्या दोन मोजतात. डेटाबेसचा रकाना बाइटांत मोजला जात असेल तर तिथली मर्यादा निराळी ठेवा.

प्रश्न : व्हेरिएबलला (प्रोग्रॅममध्ये किंमत साठवणाऱ्या नावाच्या जागेला) मराठी नाव देता येते का?

उत्तर : पायथन 3 मध्ये खुशाल द्या. गोमध्ये ‘वजन’ चालते, ‘नाव’ चालत नाही! तिथे नावात अक्षरे, अंक आणि अधोरेषा एवढेच बसते, आणि काना ही युनिकोडच्या लेखी खूण आहे, अक्षर नव्हे. शिवाय गोमध्ये पॅकेजबाहेर (कोडच्या एका गटाबाहेर) दिसणारे नाव कॅपिटल अक्षराने सुरू व्हावे लागते. देवनागरीत कॅपिटल नाहीच, त्यामुळे ‘वजन’सुद्धा पॅकेजच्या आतच राहते.