ओम्नी मागून खडखडते
भाऊ, लगेच शॉकअप (धक्के शोषणारा दांडा) बदलू नको. ओम्नीला मागे पाटे (लीफ स्प्रिंग) असतात, अन् तू कापसाचे गाठोडे कोंबून पांदणीनं गाडी नेतोस. माझा पहिला संशय पाट्याच्या टोकांतल्या रबरी बुशांवरच. रिकामी गाडी सपाट जागी लाव, चाकाच्या मध्यापासून वर पत्र्याच्या कडेपर्यंत दोन्हीकडे माप घे. एक बाजू खाली असेल तर पाटा बसला किंवा तुटला. आधी चिखल धू, आपल्या काळ्या मातीखाली तडा दिसत नाही. शॅकलपाशी, म्हणजे पाट्याचं टोक गाडीला जोडणाऱ्या कडीपाशी, टॉमी (लोखंडी दांडा) घालून हलव. रबर फाटलं असेल तर आवाज बहुतेक तिथलाच. शॉकअपवर तेल ओघळलं असेल, किंवा दाबून सोडल्यावर गाडी डुलतच राहिली, तर बदल, पण जोडीनं. आणि नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली शिरू नको.